रांगेतल्या अक्का आणि आमची हार्ड डिस्क

"बाई, तुमचं मशीन आज पण झोपलंय काय?"

जुलै २०२४ मधली सकाळ. सात रस्त्याजवळच्या आमच्या महिला मंडळाच्या खोलीचं कुलूप मी अजून काढलंही नव्हतं, तोच अक्कांनी विचारलं. पायरीवर, कट्ट्यावर, समोरच्या झाडाखाली मिळून पंधरा-वीस बायका बसलेल्या. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज नुकतेच सुरू झाले होते. अर्ज भरायचा तो मोबाइलवरच्या नारीशक्ती दूत अ‍ॅपमधून. पण हमीपत्र छापून देणं, आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय का ते बघणं, कागद स्कॅन करून जपून ठेवणं, ही सगळी कामं आमच्या खोलीतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर चालायची. आणि काय सांगू त्या कॉम्प्युटरची तऱ्हा! बटण दाबून मी उदबत्ती लावायची, टेबल पुसायची, माठ भरून ठेवायची, तरी पडद्यावर ते चक्र आपलं गरगर फिरतंच आहे.

अक्का पूर्व भागातून आलेल्या. बिड्या वळतात. आदल्या दिवशी दोन तास बसून तशाच परत गेल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. सहज म्हणाल्या, "बसते की मी. इथं बसलेला वेळ रात्री भरून काढायचा, दुसरं काय. सूप मांडीवर घेतलं की बारा वाजतात बघा."

मैत्रिणींनो, बिडीची मजुरी हजारावर मिळते, तासावर नाही. म्हणजे आमचा कॉम्प्युटर पाच मिनिटं झोपला की वीस बायकांची पाच-पाच मिनिटं गेली. शंभर मिनिटं! ती कुणाच्या तरी रात्रीच्या झोपेतून वळती व्हायची. आजवर मी 'आमचा कॉम्प्युटर जरा स्लो आहे' असं हसत-हसत सांगायची. त्या दिवशी हसू आलं नाही.

बेचाळीस हजारांचं दुखणं

मी पडले बी.ए. झालेली गृहिणी. विषय मराठी आणि इतिहास. कॉम्प्युटर मंडळासाठी २०१९ साली घेतला, तेव्हा चालू कसा करायचा आणि बंद कसा करायचा एवढं शिकले, पुढचं गरजेपुरतं येत गेलं. त्यामुळे एका दुकानात विचारलं आणि तिथल्या माणसानं न बघताच "मॅडम, पाच वर्षं झाली, आता नवाच घ्या, बेचाळीस हजारांत बसेल" असं सांगितलं, तेव्हा मी मान डोलावून आले.

मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. आम्ही अठ्ठावीस जणी. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी. म्हणजे महिन्याचे दोन हजार आठशे. बेचाळीस हजार म्हणजे सगळ्यांची सव्वा वर्षाची वर्गणी एका खोक्यात घालायची! आमच्या खजिनदार बाई मुळात कमी बोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पैसे बायकांचे आहेत. आधी दुखणं कुठं आहे ते कळू दे, मग ऑपरेशनचं बघू."

मी रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तो म्हणाला, "मावशी, उद्या कॉम्प्युटर रखडला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. त्यात कोण किती राबतंय ते दिसतं."

दुसऱ्या दिवशी दाबली. प्रोसेसर बारा टक्के. आणि डिस्क? शंभर टक्के! आकडा लाल-केशरी होऊन तिथंच चिकटलेला. फोनवर भाचा म्हणाला, "बघ, प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय. त्याला सामान आणून देणारा गडी दमलाय."

माळा, ओटा आणि आपले हात

मला ही गोष्ट कळली ती स्वयंपाकघरातून. कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे आपले हात. भराभर चालणारे. रॅम म्हणजे ओटा. आत्ता लागणारं सामान त्यावर मांडलेलं असतं. आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. सगळं साठवण तिथं. आता कल्पना करा, की हळद माळ्यावर, मोहरी माळ्यावर, जिरं माळ्यावर, आणि प्रत्येक चिमटीसाठी शिडी चढायची. हात कितीही चपळ असले तरी फोडणी करपायचीच.

हार्ड डिस्कच्या आत खरोखरच चढ-उतार चालू असते. आरशासारख्या चकचकीत तबकड्या गरगर फिरतात आणि एक बारीक हात त्यांच्यावरून आत-बाहेर सरकत हवी ती जागा शोधतो. हा हात तबकडीला टेकत नाही. काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतो. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल! आमच्या डिस्कवर ७२०० हा आकडा होता. म्हणजे तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. ऐकायला केवढा वेग! पण हिशेब करून बघा. एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी हात सरकायला आणखी आठ-नऊ. सगळं मिळून एक वस्तू शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी चिमट्या. आणि कॉम्प्युटर सुरू होताना, ब्राउझर उघडताना अशा बारीकसारीक हजारो चिमट्या लागतात.

मग जाहिरातीत 'सेकंदाला दीडशे एमबी' लिहितात ते खोटं का? खोटं नाही, पण अर्धं आहे. आपल्या पुणे रस्त्याला गाडी एकदा लागली की शंभरचा काटा सहज गाठते. तीच गाडी संध्याकाळी सहा वाजता सात रस्त्यावर आणा. सातही बाजूंनी रिक्षा, सिटी बस, दुचाक्या. तुमचं इंजिन कितीही दमदार असो, प्रत्येक वळणाला थांबणं आलंच. एक मोठा सिनेमा सलग वाचायचा असेल तर हार्ड डिस्क पुणे रस्त्यावर असते. आपली रोजची कामं मात्र सगळी सात रस्त्यावरची.

एसएसडी नावाची जी नवी जात आली आहे, तिच्यात फिरणारं काहीच नाही. तबकडी नाही, हात नाही. मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये असते तशीच चिप. हवी ती जागा तिला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर सापडते. सगळे डबे हाताशी, शिडीच काढून टाकलेली.

आपल्या चादरीचं नातं

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माहिती साठवण्याच्या या सगळ्या खटाटोपाचं एक टोक आपल्या सोलापूरच्या मागापाशी येतं. आपली चादर जेकार्डवर विणतात. ज्योसेफ मारी जाकार या फ्रेंच माणसाचं हे यंत्र १८०४ मधलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथं एक दोरा उचलला जातो, नसेल तिथं नाही, आणि चादरीवर मोर उमटतो. नक्षी त्या पुठ्ठ्यांत 'साठवलेली' असते. पुढे हर्मन हॉलरिथनं भोकं पाडलेल्या कार्डांवर माहिती साठवून अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची मोजणी यंत्रानं करून दाखवली. त्याची कंपनी ज्या कंपनीत मिसळली, तीच पुढे १९२४ मध्ये आयबीएम झाली. आणि याच आयबीएमनं १९५६ साली जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि साठवण किती? पन्नास लाख अक्षरं. आपल्या मोबाइलमधला एखादा फोटो आज तेवढी जागा खातो! एसएसडीतली फ्लॅश चिप मात्र जपानची. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली.

असो. आपण आपल्या खोलीत परत येऊ.

तीन मशीन, एक घड्याळ

खजिनदार बाईंना 'वेग वाढेल' एवढ्यावर पैसे सोडवेनात. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून ठरवलं, की मोजूनच बघायचं. मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक शंभर पानी वही घेतली. तीन मशीन मिळाली. एक आमचा मंडळाचा कॉम्प्युटर, ७२०० ची हार्ड डिस्क. दुसरा आमच्या घरचा २०१६ चा लॅपटॉप, त्यात त्याहून हळू फिरणारी ५४०० ची डिस्क. तिसरा लेकीचा २०२३ चा लॅपटॉप, त्यात एनव्हीएमई जातीची एसएसडी. प्रत्येक काम तीनदा केलं, दर वेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि मधला आकडा धरला. वाळवणाच्या पापडाला उन्हं मोजतात तशी मी मिनिटं मोजत बसले.

बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून काम सुरू होईपर्यंत लेकीच्या लॅपटॉपला लागले २१ सेकंद. घरच्या लॅपटॉपला साडेतीन मिनिटं. आणि मंडळाच्या कॉम्प्युटरला ४ मिनिटं ५० सेकंद.

इथं मी थबकले. घरचा लॅपटॉप तीन वर्षांनी जुना, त्याची डिस्क हळू फिरणारी. तरी तो आधी सुरू होतो? नियमानं आमचा कॉम्प्युटर थोडा तरी पुढे हवा होता. वही दोनदा तपासली. आकडे तेच.

भाच्याला सांगितलं, तर त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, "मावशी, मग ती डिस्क नुसती हळू नाही, आजारी आहे." त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकटचा जपानी प्रोग्रॅम घालायला सांगितला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद आतल्या आत ठेवत असते. हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. तब्येत ठीक असेल तर निळा रंग. आमच्या पडद्यावर पिवळा आला. म्हणजे 'सावधान'. तबकडीवरच्या काही जागा खराब झाल्या होत्या. तिथलं वाचता येईना म्हणून डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसायची, आणि बाहेर आम्ही चक्र बघत बसायचो.

"आजच्या आज सगळं दुसरीकडे उतरवून घे," भाचा म्हणाला.

तो मंगळवार होता. बाहेर रांग होती. मी म्हणाले, "एवढी गर्दी ओसरू दे, रविवारी निवांत करू."

हे वाक्य मला आजही टोचतं.

रविवारी काय झालं

रविवारी दुरुस्तीचा पोरगा आला. मंडळानं पाचशे जीबीची साधी साटा एसएसडी मंजूर केली होती, ३३०० रुपयांची. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं असा बेत. अर्धं काम झालं आणि आतून आवाज यायला लागला. खट्ट... खट्ट... खट्ट. पोरानं हात थांबवला. "काकू, ही गेली बघा."

त्यानं नेटानं तीन तास बसून जेवढं निघेल तेवढं काढलं. बहुतेक सगळं निघालं. पण दोन फोल्डर काही केल्या उघडेनात. २०२१ च्या पावसाळ्यात जमवलेले कागद.

२०२१ म्हटल्यावर तुम्हाला आठवेलच ते वर्ष. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेलेल्या बायकांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज आम्ही तेव्हा भरून दिले होते. मृत्यूचे दाखले, रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं त्या फोल्डरांमध्ये. 'कागद हरवला तरी काळजी करू नका, आमच्याकडे कॉम्प्युटरमध्ये आहे,' असं मीच प्रत्येकीला सांगितलेलं.

त्याच आठवड्यात त्यांतली एक जण आली. पत्र्याचं घर, गळकं छप्पर. नवऱ्याच्या दाखल्याचा पार लगदा झालेला. ती निर्धास्त होती. "ताई, तुमच्याकडे आहे ना, तेवढी प्रिंट द्या." मला खुर्चीतून उठवेना. तिला दाखला पुन्हा काढावा लागला. दोनदा कामावर खाडा. मी बरोबर गेले, रिक्षाचे पैसे दिले, पण तिचे दोन दिवस मी कुठून भरून देणार? ती काही बोलली नाही. "मशीन आहे, बिघडायचंच," म्हणाली. पण मशीनला काय दोष द्यायचा? त्यानं तर पिवळा दिवा दाखवला होता. एकाच ठिकाणी सगळं ठेवलं मी, आणि मंगळवारचं काम रविवारवर ढकललं तेही मीच.

काय बदललं, काय नाही

नवीन एसएसडी बसली, विंडोज नव्यानं घातली. बाकी कॉम्प्युटर तोच. प्रोसेसर तोच, चार जीबी रॅम तीच. मुद्दामच आणखी काही बदललं नाही, नाहीतर फरक कशानं पडला ते कसं कळणार? पुन्हा वही काढली.

बटण दाबल्यापासून काम सुरू : ४ मिनिटं ५० सेकंदांवरून ३८ सेकंद. आमच्या खजिनदार बाई उभ्या राहून बघत होत्या, त्या एकदम खालीच बसल्या! हमीपत्राची वर्डची फाइल उघडायला आधी ३१ सेकंद लागायचे, आता ४. चाळीस स्कॅन असलेलं फोल्डर उघडून सगळी चित्रं दिसायला आधी १ मिनिट १० सेकंद, आता ६ सेकंद.

अर्थात विंडोज नवी कोरी घातली त्याचाही यात थोडा वाटा आहे, आणि जुनी डिस्क आजारी होती त्याचाही. म्हणून निरोगी हार्ड डिस्कचा आकडा बघायचा तर आमच्या घरच्या लॅपटॉपचा साडेतीन मिनिटांचा धरा. तरी फरक डोळ्यात भरतोच.

आता काय बदललं नाही तेही सांगते, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. सरकारी संकेतस्थळ पूर्वीइतक्याच वेळात उघडतं. तिथं इंटरनेट आणि पलीकडचा सर्व्हर ठरवणार. प्रिंटर पूर्वीच्याच चालीनं कागद काढतो. मराठी टाइप करायचा माझा वेग होता तेवढाच आहे! आणि दोन जीबीचा कार्यक्रमाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायला तिन्ही मशीनवर दोन मिनिटांच्या आसपासच लागले, कारण तिथं पेनड्राइव्हच मंद. माळ्यावरून सामान कितीही भराभर काढा, दारच अरुंद असेल तर काय उपयोग?

आणखी एक. ब्राउझरमध्ये सहा-सात पानं, वर्ड आणि स्कॅनर एकदम चालू केले, की एसएसडी असूनही मशीन मध्येच अडखळायचं. ओटा लहान पडत होता. ओटा भरला की कॉम्प्युटर जास्तीचं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसं परत आणतो. आठ दिवसांनी रॅम चारची आठ जीबी केली, १८०० रुपये. अडखळणं थांबलं. मजुरी पाचशे. एकूण खर्च ५६०० रुपये. बेचाळीस हजारांच्या जागी दोन महिन्यांची वर्गणी!

आता लेकीचा टोमणा ऐका. "आई, तुझी साटावाली एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबी. माझी एनव्हीएमई साडेतीन हजार. सहापट!" म्हटलं, ये, मोजू. वर्डची फाइल : आमची ४ सेकंद, तिची ३. स्कॅनचं फोल्डर : आमचं ६, तिचं ४. आणि तिचा प्रोसेसरही नवा, रॅमही दुप्पट. फरक कुठं दिसला? दोन जीबीचा व्हिडिओ एका फोल्डरमधून दुसऱ्यात उतरवताना. आमचे ९ सेकंद, तिचे २. म्हणजे रोज मोठमोठे व्हिडिओ कापणाऱ्या-जोडणाऱ्याला त्या सहापटीचा उपयोग आहे. हमीपत्र छापणाऱ्या बाईला तीन सेकंद आणि चार सेकंद सारखेच. नवीन मशीन घेताना एनव्हीएमईच मिळेल, ती जरूर घ्या. पण जुन्या मशीनमध्ये साटाच बसत असेल तर मन खट्टू करून घेऊ नका. खरी उडी आहे ती फिरणाऱ्या तबकडीवरून एसएसडीवर येण्याची.

वेग आला म्हणजे जपणूक आली असं नाही

माझा सगळ्यात मोठा धडा हाच. एसएसडी पडझडीला आणि धक्क्याला हार्ड डिस्कपेक्षा कणखर, आवाज नाही, वीजही कमी खाते. पण तीही मरते. आणि मरताना खट्ट-खट्ट करून सांगतेच असंही नाही. संध्याकाळी चालू असते आणि सकाळी नसते. शिवाय तिच्यात वीज साठवून माहिती जपलेली असते, त्यामुळे न वापरता वर्षानुवर्षं कपाटात, त्यात आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ठेवून दिली तर माहिती विरू शकते. म्हणून साठवणीसाठी आजही फिरणारी हार्ड डिस्क स्वस्त आणि सोयीची. कामाला एसएसडी, साठवणीला हार्ड डिस्क, अशी आमची वाटणी आहे. लोणचं माळ्यावर, मसाल्याचा डबा ओट्यावर.

आता दर शनिवारी मंडळाची एक सभासद सगळे कागद बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते आणि वहीत तारीख घालून सही करते. ती डिस्क खोलीत राहत नाही, खजिनदार बाईंच्या घरी जाते. आग लागो, चोरी होवो, एक प्रत दुसरीकडे असलीच पाहिजे. महत्त्वाच्या कागदांची तिसरी प्रत पासवर्ड घालून इंटरनेटवर.

आणि ती जुनी डिस्क? भंगारवाला 'द्या, पन्नास रुपये देतो' म्हणाला. मी दिली नाही. शेकडो बायकांची आधारकार्डं आणि बँकेची पासबुकं तिच्यात. फाइल पुसली, टोपली रिकामी केली, तरी आतलं जात नाही; पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडावं तसं असतं ते, पानं जागेवरच. शेवटी दुरुस्तीच्या पोरानं ड्रिलनं तबकड्यांना आरपार भोकं पाडली, मग दिली. सोलापूरच्या नक्षीच्या पुठ्ठ्यांची आठवण झाली मला. तिथं भोकं पाडून साठवतात, इथं भोकं पाडून पुसावं लागलं!

मैत्रिणींनो, एवढं करा

- मशीन रखडलं की आधी टास्क मॅनेजर बघा. डिस्क सतत शंभर टक्के आणि प्रोसेसर रिकामा असेल, तर एसएसडीनं बहुधा काम होईल. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर रॅमही वाढवा.
- डिस्कची तब्येत सहा महिन्यांतून एकदा तपासा. पिवळा किंवा लाल रंग दिसला तर त्याच दिवशी प्रत काढा. रविवारची वाट बघू नका.
- हार्ड डिस्क डिफ्रॅग करतात, म्हणजे विखुरलेलं सामान एकत्र लावतात. एसएसडीला त्याची गरज नाही, उगाच झिजते. विंडोज तिची काळजी आपली आपण घेते.
- एसएसडी गच्च भरू नका, थोडी जागा मोकळी ठेवा. वीज सारखी जात असेल तर यूपीएस लावा. चालू मशीनची वीज अचानक जाणं कुठल्याच डिस्कला सोसत नाही.
- विंडोज १० चं नेहमीचं साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. आमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणून विंडोज ११ चालली. त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. जुन्या मशीनवर खर्च करण्याआधी हे विचारून घ्या.
- मी सांगितले ते भाव २०२४ चे. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या आहेत. दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या, बिल आणि वॉरंटी कार्ड जपा.

अक्कांचं काय झालं म्हणता? एसएसडी बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. सवयीनं पायरीवर बसायला लागल्या. मी आतून हाक मारली, "अक्का, या आत, झालं तुमचं." हमीपत्र हातात घेऊन त्या दोन क्षण उभ्याच राहिल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"एवढ्यात? मग आज उजेडातच होतील की माझ्या बिड्या," म्हणाल्या, आणि पदर खोचून लगबगीनं सात रस्त्याच्या रिक्षा स्टॉपकडे निघाल्या.